साक्रीतून सायकलपटू व्हायचं तर

साक्री तालुक्यात सायकलपटूच्या कामाची एक गोष्ट फुकट मिळते आणि तिचं मोल आपल्याकडे फारसं कुणी करत नाही. ती म्हणजे वारा. ब्राह्मणवेल-छडवेलच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्यापायी. पावसाळ्यात तो पश्चिमेकडून सुटतो. साक्रीहून पिंपळनेरच्या रस्त्याला लागलं की छातीवर येतो, परतताना पाठीशी असतो, आणि निजामपूरकडे उत्तरेला वळलं की कुशीत घुसतो. सायकलवर शाळेत जाणाऱ्या पोरांना तो नकोसा वाटतो. ज्याला शर्यतीची सायकल चालवायची आहे, त्याने मात्र या वाऱ्यापासूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

रस्त्यावरची शर्यत ही बरीचशी वाऱ्याशी चाललेली वाटाघाट असते. पुढच्या सायकलीच्या मागच्या चाकाला चिकटून चालवलं, तर मागच्याचे चौथ्या हिश्शापासून एक तृतीयांशापर्यंत श्रम वाचतात. म्हणूनच शर्यतीत शंभर-दीडशे जण एका घोळक्यात जातात आणि शेवटच्या काही किलोमीटरपर्यंत निकाल ठरत नाही. वारा कुशीतून आला की सगळं बदलतं. तेव्हा सरळ मागे राहून आडोसा मिळत नाही, तिरकी रांग करावी लागते. रस्त्याच्या रुंदीत जेवढे मावतील तेवढ्यांनाच त्या रांगेत जागा. उरलेले कडेला एकामागे एक लटकतात, दहा मिनिटांत दमतात आणि सुटतात. बेल्जियम-हॉलंडची मुलं ही तिरकी रांग लहानपणीच शिकतात. आपले चांगले चांगले स्पर्धक तिथे गेले की पहिला मार इथेच खातात.

साक्री-निजामपूर रस्त्यावर हे शिकता येतं, पण नीट विचार करून. उत्तरेला जाताना पश्चिमेचा वारा डावीकडून येतो, तेव्हा तिरकी रांग उजवीकडे, म्हणजे वाहनांच्या अंगावर सरकते. हा सराव जाताना करायचाच नाही. परतताना वारा उजवीकडून असतो, रांग डाव्या कडेकडे कलते. तेव्हाही तिघांपेक्षा जास्त नकोत, सगळे आपल्याच बाजूच्या अर्ध्या रस्त्यात हवेत, पहाटेची वेळ हवी आणि मागे कुणीतरी मोठं माणूस मोटरसायकलवर दिवा लावून हवं. पुढचा अर्धा-पाऊण मिनिट वारा झेलतो, मग मागे सरतो, दुसरा पुढे येतो. पुढे आल्यावर जोर करायचा नाही, आहे तोच वेग ठेवायचा. पोरांना नेमकं हेच जमत नाही. पुढे आलं की अंगात येतं, वेग वाढतो आणि रांग तुटते. दोन पावसाळे हे केलेला मुलगा राज्य स्पर्धेच्या घोळक्यात बुजणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तेरा ते अठरा वयाचा मुलगा किंवा मुलगी सायकलपटू व्हायचं म्हणते, तेव्हा घरातल्यांनी नेमकं कशाला हो म्हणायचं?

खरं चित्र आधी समोर ठेवतो. युरोपात व्यावसायिक सायकलिंगच्या तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात वर वर्ल्ड टूरचे संघ, त्याखाली प्रो संघ, त्याखाली कॉन्टिनेंटल संघ. वरच्या दोन पायऱ्यांवर सायकलिंगच्या जागतिक संघटनेने किमान पगार ठरवून दिला आहे. तिसऱ्या पायरीवर तसं बंधन नाही, तिथे अनेक जण जेवणखाण, सायकल आणि प्रवासखर्चावरच चालवतात. टूर द फ्रान्स १९०३ पासून सुरू आहे. एकही भारतीय अजून ती शर्यत धावलेला नाही. ऑलिंपिकच्या सायकलिंगमध्ये भारत शेवटचा उतरला तो १९६४ साली, टोकियोत. म्हणजे ज्या वाटेने तुमचं मूल जायचं म्हणतं, ती वाट शेवटपर्यंत तुडवलेली नाही.

पण ती बंदही नाही. २०१८ साली स्वित्झर्लंडमधल्या एगल इथे ज्युनियर जागतिक ट्रॅक स्पर्धेत एसो अल्बेनने किरिन या वेगाच्या प्रकारात रौप्य मिळवलं. तो अंदमान-निकोबारचा. पुढच्याच वर्षी जर्मनीत फ्रँकफुर्ट-ओडर इथे भारताच्या ज्युनियर मुलांनी टीम स्प्रिंट या सांघिक वेगाच्या शर्यतीचं जागतिक सुवर्ण आणलं. त्या संघातला मणिपूरचा रोनाल्डो सिंग २०२२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत, मोठ्यांच्या गटात, स्प्रिंटचं रौप्य घेऊन गेला. ही नावं सांगण्याचं कारण असं की यातलं एकही पदक रस्त्यावरचं नाही. सगळी ट्रॅकवरची आहेत.

असं का झालं, हे पालकांनी समजून घेण्यासारखं आहे. रस्त्यावरची शर्यत शिकायला वर्षाला पन्नास-साठ शर्यती लागतात, आणि त्याही शंभर जणांच्या घोळक्यात. तेवढ्या शर्यती भारतात होत नाहीत. ट्रॅकचं तसं नाही. एक चांगला ट्रॅक, एक जाणता प्रशिक्षक, वसतिगृह आणि मोजमापाची साधनं एका ठिकाणी असली की चार-पाच वर्षांत जगाच्या जवळ पोचता येतं. दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी २५० मीटरचा लाकडी ट्रॅक झाला, तिथे राष्ट्रीय अकादमी बसली, आणि ही पदकं तिथल्या मुलांची आहेत.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं तर भंडारा जिल्ह्याकडे बघा. मयुरी लुटे आणि सुशिकला आगाशे या दोघी तिथल्या. धानाचा जिल्हा, मोठं शहर नाही, सायकलिंगचं वारं नाही. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिला टीम स्प्रिंट संघात तीन मुली होत्या, त्यातल्या दोन या. तिसरी बंगालची त्रियाशा पॉल. स्पर्धा बर्मिंगहॅमची असली तरी ट्रॅकच्या शर्यती लंडनच्या ऑलिंपिक ट्रॅकवर झाल्या. भंडाऱ्यातून लंडनच्या ट्रॅकवर जाता येतं, तर साक्रीतूनही जाता येईल. कोल्हापूर जिल्ह्यातली पूजा दानोळे आणि संगमनेरची प्रणिता सोमण यांनीही राष्ट्रीय पातळीवर महाराष्ट्राचं नाव राखलं. मुलींच्या गटात स्पर्धक कमी असतात, म्हणून जिद्दीच्या मुलीला वर चढायला संधी जास्त आहे. मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींना सायकली मिळतात. त्या सायकलवर रोज सहा-सात किलोमीटर शाळा गाठणारी मुलगी पाया घालून बसलेली असते, फक्त तिला ते कुणी सांगितलेलं नसतं.

माझा सल्ला असा: सतराव्या वर्षापर्यंत रस्ता आणि ट्रॅक दोन्ही करा, आणि वर जाण्याचा दरवाजा ट्रॅकचा धरा. ट्रॅकवर गेलेला माणूस रस्त्याला मुकतो, ही भीती खोटी आहे. ब्रॅडली विगिन्सने २००४ आणि २००८ च्या ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर वैयक्तिक परस्यूट या लांब पल्ल्याच्या शर्यतीचं सुवर्ण घेतलं आणि २०१२ मध्ये टूर द फ्रान्स जिंकली. इटलीच्या फिलिपो गान्नाने २०२२ मध्ये ट्रॅकवर एका तासात ५६.७९२ किलोमीटर कापून जागतिक विक्रम केला, आणि तोच गान्ना रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतीही धावतो. लांब पल्ल्याच्या ट्रॅक शर्यती आणि रस्ता यांचं रक्ताचं नातं आहे. फक्त निव्वळ स्प्रिंटरची जात वेगळी असते.

मूल कोणत्या जातकुळीचं आहे ते साक्रीतच ओळखता येतं. सपाट, रिकाम्या रस्त्यावर २०० मीटर मोजून दोन खुणा करा. आधी वेग घेऊन पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत जीव तोडून चालवायला लावा आणि घड्याळ लावा. जगातले अव्वल स्प्रिंटर ट्रॅकवर हे अंतर दहा सेकंदांच्या आत कापतात, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरपेक्षा जास्त. तुमच्या मुलाचा आकडा त्याच्याशी ताडू नका, त्याच्याच सोबत्यांशी ताडा. दुसरी चाचणी चढाची. पिंपळनेरच्या पुढे ताहाराबादकडे जाताना सेलबारीचा घाट आहे, नवापूरकडे जाताना चरणमाळचा. दोन्हीपैकी एकाचा ठराविक तुकडा निवडा, दर महिन्याला एकदा, त्याच सायकलवर, शक्यतो वारा नसताना चढा आणि वेळ वहीत लिहा. ताकद मोजणारं महागडं यंत्र नसलेल्याला याहून चांगली चाचणी नाही. जो २०० मीटरला सगळ्यांना मागे टाकतो पण घाटात सुटतो, तो स्प्रिंटचा. ज्याची घाटातली वेळ सुधारत जाते, तो रस्त्याचा किंवा ट्रॅकवरच्या ४ किलोमीटर परस्यूटचा. कबड्डी खेळणारी आणि ४०० मीटर धावणारी दणकट मांड्यांची मुलं पहिल्या प्रकारात बसतात, आणि आपल्या आश्रमशाळांमध्ये ती पुष्कळ आहेत.

सुरत-नागपूर महामार्गावर सराव करू नका, ही सूचना मी हात जोडून करतो. साक्रीतून जाणारा तो रस्ता मालट्रकांचा आहे. कोंडाईबारी घाट चढायला कितीही मोहवत असला तरी तो तुमच्यासाठी नाही. निजामपूरचा, पिंपळनेरचा रस्ता, धरणांकडे जाणाऱ्या वाटा, गावागावांतले जोडरस्ते धरा. हेल्मेट नसेल त्या दिवशी सायकल बाहेर काढायची नाही.

सराव किती? इथे उत्साह घात करतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला आठवड्याला सहा ते आठ तास पुरतात, सतराव्या वर्षी दहा-बारा. त्यातला बहुतेक सराव इतका सावकाश हवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. आठवड्यातून दोनच दिवस खरा जोर: एक दिवस घाट किंवा वारा, एक दिवस छोट्या झेपा. रविवारी लांबचा पल्ला. एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे शेतात पाणी भरायला जाणं नव्हे. घरात काम असेल, असतंच, तर त्या दिवशीचा सराव कमी करा. शेतीचं कामही शरीर मोजून घेतं. दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवू नका आणि चौथा आठवडा हलका ठेवा. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मनगटावर बोट ठेवून नाडी मोजायची सवय लावा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त लागले तर शरीर थकलंय किंवा ताप येऊ घातलाय. त्या दिवशी सायकल भिंतीलाच राहू द्या.

ट्रॅक जवळ नाही म्हणून ट्रॅकची तयारी अडत नाही. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हील नसतं. चाक फिरतंय तोवर पाय फिरत राहतात. त्यासाठी पाय भिंगरीसारखे पण गोल फिरायला हवेत. हलका गिअर लावून मिनिटाला शंभर-एकशेदहा फेरे, बुड सीटवर न उडता, दहा दहा मिनिटं करत जा. उताराचा फायदा न घेता, सपाट रस्त्यावर सायकल जागेवर थांबवून उभ्याने सुटायचा सराव आठवड्यातून एकदा करा, सहा ते आठ वेळा, मध्ये पूर्ण विश्रांती घेऊन. टीम स्प्रिंटचा पहिला फेरा अशा सुटण्यावरच जिंकला जातो.

खाण्याबाबत खानदेशाला कुणाकडून शिकण्याची गरज नाही, फक्त वेळ पाळायची गरज आहे. भाकरी, वरण-भात, खिचडी, दूध, अंडी, शेंगदाणे, गूळ, हिरव्या भाज्या. एवढ्यावर राष्ट्रीय दर्जाचं शरीर घडतं. दीड तासाहून लांब सराव असेल तर सायकलवर खायचं, ही गोष्ट मात्र आपल्याकडे रुजलेली नाही. तासाला साधारण ६० ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जायला हवी. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे तासाला एक केळं, एक राजगिऱ्याचा लाडू आणि बाटलीत साखर-मिठाचं पाणी. एक लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. जळगावची केळी जगभर जातात, ती आपल्या खिशात असावीत. शर्यतीच्या आदल्या रात्री शेवभाजी आणि ठेचा नको. जिंकल्यावर भरपूर खा.

आपल्या भागासाठीची एक गोष्ट इतर मार्गदर्शनात सहसा सापडत नाही, म्हणून ती ठळकपणे सांगतो. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात आणि शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. सिकलसेलचा रुग्ण असलेल्या मुलाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय कठोर सराव करायचाच नाही. पण ज्याच्यात फक्त वाहकता आहे, तो रोजच्या आयुष्यात ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. अशा मुलाने कडक उन्हात, पाणी न पिता, एकदम जीव तोडून जोर केला तर स्नायू मोडून जिवावर बेतू शकतं. याचा अर्थ वाहकाने खेळू नये असा नाही. त्याने तपासणी करून घ्यावी, प्रशिक्षकाला सांगावं, सावकाश तापून सराव करावा, पाणी पीत राहावं, आणि पाय दुखून आखडायला लागले की लाज न बाळगता थांबावं. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीमही सुरू केली आहे. सराव सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या दोन तपासण्या करून कागद जपून ठेवा. मुलींची पाळी सरावामुळे थांबली, तर ते कणखरपणाचं लक्षण नाही. ती पुरेसं खात नाही याची खूण आहे. आईने हे विचारत राहावं.

एप्रिल-मेमध्ये धुळे जिल्ह्यात पारा ४२ च्या वर जातो. त्या दिवसांत साडेपाचला निघून आठच्या आत घरात यायचं. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडलंय.

औषधांबद्दलही कान उघडे ठेवा. गावातल्या दवाखान्यात सर्दी-खोकल्यापासून अंगदुखीपर्यंत डेक्साचं इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. ते स्टेरॉइड आहे. २०२२ पासून अशा स्टेरॉइडचं कुठलंही इंजेक्शन स्पर्धेच्या काळात प्रतिबंधित आहे. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी ताप आला म्हणून घेतलेली एक सुई पोराची काही वर्षं खाऊ शकते. डॉक्टरांना आधीच सांगा की मी खेळाडू आहे. नाडा या उत्तेजकविरोधी राष्ट्रीय संस्थेचं ‘नो युवर मेडिसिन’ नावाचं मोफत अॅप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बघा. जिममध्ये मिळणारी पावडर आणि कुणी दिलेली बिननावाची जडीबुटी तोंडात टाकू नका. त्यात काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि चाचणीत सापडलं तर जबाबदारी खेळाडूचीच धरतात.

आता सायकल. पालक पहिला प्रश्न हाच विचारतात, म्हणून मी तो मुद्दाम मागे ठेवला. आधी स्पर्धा, मग सायकल. घरात आहे ती सायकल घेऊन पहिलं वर्ष काढा. चाकांची आऊट काढून घ्या, ओव्हरऑइलिंग करा, ब्रेक आवळा, सीटची उंची लावा. टाच पॅडलवर ठेवून ते तळाला नेलं की गुडघा सरळ व्हावा, म्हणजे पंजा पॅडलवर असताना तो हलकासा वाकलेला राहतो. एवढं केलं तरी गुडघेदुखी निम्मी पळते. वर्षभरानंतरही मुलगा पहाटे न उठवता उठतो असं दिसलं, तर रेसिंग सायकल घ्या. नवी सुरुवातीची सायकल पंचवीस-तीस हजारांपासून पुढे मिळते, पण माझी पसंती जुन्या, चांगल्या सायकलीला. नाशिक-पुण्यात हौसेने घेऊन घरात पडलेल्या सायकली कमी किमतीत सुटतात. घेताना फ्रेमला तडा नाही ना, आणि माप मुलाच्या उंचीचं आहे ना, एवढं जाणकाराकडून तपासून घ्या. ‘वाढेल अजून’ म्हणून मोठी सायकल घेऊ नका. कर्ज काढून लाखाची कार्बन सायकल तर अजिबात नको. जागतिक नियमानुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालतच नाही. दोन किलो जड सायकलीने सोळाव्या वर्षी कुणाचं करिअर बुडत नाही. ट्रॅकची सायकल विकत घ्यायची गरज नाही, ती अकादमीत मिळते.

पंक्चर काढणं, चेन साफ करून तेल देणं, चाक काढून बसवणं ही कामं मुलाने स्वतःच करावीत. मुलीनेही.

इथून पुढची वाट कागदांची आहे, आणि बरीच गुणी मुलं इथेच गळतात. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. धुळे जिल्हा नाशिक विभागात येतो, म्हणजे जिल्ह्यातून विभाग, विभागातून राज्य अशी चढण. दुसरी वाट संघटनेची: जिल्हा संघटना, तिच्यावर सायकलिंग असोसिएशन ऑफ महाराष्ट्र, तिच्यावर भारतीय सायकलिंग महासंघ. दोन्ही वाटा एकाच वेळी चालत राहाव्यात. मूळ जन्मदाखला, शाळेचा बोनाफाइड, आधार या सगळ्यांवर नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळायला हवी. आश्रमशाळेत घालताना अंदाजे लिहिलेली तारीख नंतर गळ्याशी येते, ती वेळेत दुरुस्त करून घ्या. वय लपवून खालच्या गटात खेळवण्याचा मोह झालाच, तर तो मुलाच्या भवितव्यावर धोंडा टाकण्यासारखा आहे हे लक्षात ठेवा.

पुण्याच्या बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडा संकुल हे आपल्यासाठी महत्त्वाचं ठिकाण. तिथे सायकलिंगचा ट्रॅक आहे, क्रीडा प्रबोधिनी आहे आणि खेलो इंडियाच्या राज्य उत्कृष्टता केंद्रातल्या तीन खेळांत सायकलिंग आहे. राहणं, खाणं, शिक्षण, प्रशिक्षण सरकारी खर्चाने. निवडचाचण्या जाहीर होतात तेव्हा साक्रीपर्यंत बातमी यायला उशीर होतो. म्हणून क्रीडाशिक्षकांनी धुळ्याच्या कार्यालयाशी बोलणं चालू ठेवायला हवं, आणि पालकांनी क्रीडाशिक्षकांशी. पंधरा-सोळाव्या वर्षी, राज्य स्पर्धेत पहिल्या आठ-दहांत येऊ लागलात की, साक्री सोडण्याची तयारी ठेवा. त्याआधी सोडण्याची घाई नको. लहान वयात वसतिगृहात गेलेलं पोर अनेकदा दोन वर्षांत कंटाळून परततं. आणि सतरा ओलांडल्यावर साक्रीतच राहिलात तर सोबत धावणारी, तुम्हाला दमवणारी मुलं मिळणार नाहीत. बालेवाडीनंतरची पायरी दिल्लीची राष्ट्रीय अकादमी. तिथे निवडताना पदकांसोबत स्थिर सायकलवर पायांची ताकदही मोजली जाते. म्हणजे कमी स्पर्धा खेळलेल्या खेड्यातल्या मुलालाही तिथे दार उघडं असतं.

पोट कशावर भरायचं? भारतात बहुतेक सायकलपटूंना पगार संघ देत नाही, नोकरी देते. रेल्वेचा संघ, सेनादलांचा संघ हे सायकलिंगचे जुने आधार आहेत. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याची पडताळणी होते. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकरी मिळवणाऱ्यांवर आपल्या राज्यात गुन्हे दाखल झालेले आहेत. गावोगावी होणाऱ्या हौशी सायकल रॅलींचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायला ठीक, नोकरीसाठी त्याचा उपयोग नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण करून सगळ्या उत्तर महाराष्ट्राला सायकलचं वेड लावलं, त्याबद्दल मला फार आदर आहे. पण तो अतिदीर्घ पल्ल्याचा, स्वतःचा व्यवसाय सांभाळून करायचा मार्ग आहे. सोळा वर्षांच्या मुलाने तिकडे वळू नये. त्याचे पाय वेगासाठी तयार होण्याचं वय ते, पल्ल्यासाठी पुढे अख्खं आयुष्य आहे.

रस्त्याच्या बाजूनेही आता हालचाल आहे. १९ ते २३ जानेवारी २०२६ दरम्यान पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर झाली. जागतिक संघटनेच्या २.२ दर्जाची, ४३७ किलोमीटरची टप्प्यांची शर्यत. देशोदेशींचे संघ सह्याद्रीच्या रस्त्यांवर धावले. अशी शर्यत दरवर्षी होत राहिली, तर आपल्या मुलांना घोळक्यात धावण्याचा अनुभव घरच्या मैदानावर मिळेल. ती बघायला तालुक्यातली मुलं घेऊन जा, कारण नुसत्या बघण्यानेही मुलं घडतात. एरिट्रियासारख्या छोट्या, गरीब देशातल्या बिनियाम गिर्मायने २०२४ च्या टूर द फ्रान्समध्ये तीन टप्पे जिंकून हिरवी जर्सी घेतली. जागतिक संघटनेच्या एगलमधल्या प्रशिक्षण केंद्रात शिकण्याआधी तो आपल्या देशातल्या रस्त्यांवर, शर्यत बघायला लोटणाऱ्या माणसांमध्ये वाढला होता.

शिक्षण सोडू नका. बारावी आणि पदवीचं वर्ष स्पर्धेच्या वेळापत्रकाशी जुळवता येतं. मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे, खेळाडूंना परीक्षेत सवलतीचे गुण आहेत. पस्तिशीच्या पुढे फार थोडे जण शर्यतीत टिकतात, आणि एक वाईट पडझड त्याआधीही डाव थांबवू शकते. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षक झालेला, किंवा सायकलीचं माप लावण्याचं आणि दुरुस्तीचं काम नीट शिकलेला खेळाडू रिकामा बसत नाही. साक्रीला तर असा एक माणूस आजच हवा आहे, कारण तालुक्यातल्या सगळ्या मुलांना घाटावर घड्याळ लावून उभा राहणारा कुणीतरी लागणार आहे.

यंदा सुरुवात करणार असाल तर शाळा उघडल्याबरोबर जूनमध्येच क्रीडाशिक्षकांना भेटा आणि सायकलिंगच्या जिल्हा स्पर्धेसाठी शाळेच्या नावाने नोंदणी करायला सांगा. बऱ्याच शाळा कबड्डी आणि खो-खोच्या पुढे जात नाहीत, कारण कुणी मागत नाही. सोबत जन्मदाखल्याची प्रत, दोन फोटो आणि हिमोग्लोबिन-सिकलसेलच्या तपासणीचे कागद न्या. आणि एकटे जाऊ नका, सराव करणारे आणखी दोघे बरोबर घ्या. तिरक्या रांगेला तिघे लागतात.